हथखोजची बघनिन दाई

लाकडाचं काम करणाऱ्याचं काम सहसा लोकांच्या घरात दिसतं. दारं, पलंग, देव्हारे. पंजाबराव लांजेवारांचं तसं कधी झालं नाही. ते पॅटर्न करणारे. लोखंडाची जी वस्तू ओतायची तिची हुबेहूब लाकडी प्रत आधी घडवायची, ती रेतीत दाबायची, अलगद काढून घ्यायची, आणि रेतीत उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडायचं. लोखंड देशोदेशी जातं, लाकूड गोदामात धूळ खात पडतं. भिलाईच्या मोठ्या कारखान्यात त्यांची सारी नोकरी यातच गेली. चाकं, झाकणं, पाइपांचे सांधे. माणसाचं तोंड करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

रिटायर झाले तसं मरोद्याचं कारखान्याचं क्वार्टर सुटलं. कुरुदला दोन खोल्या आणि पुढे ओटा एवढं घर बांधलं. मुलगा अंकुर रायपूरला नोकरीला होता, सणावाराला यायचा. अंकुरच्या आधीची मुलगी रेणू. ती कॉलेजात असताना मेंदूत चढलेल्या मलेरियानं आठवड्याभरात गेली, त्याला आता वीसेक वर्षं होत आली होती. घरात पंजाबराव आणि गयाबाई, दोघंच. घरी बसून करमेना, तेव्हा पंजाबराव हथखोजला शामसुंदर सेठच्या फाउंड्रीत जायला लागले. तिथे गटाराची झाकणं आणि पंपांची बुडं ओतली जात. सेठला परदेशी माल पाठवायची हौस होती, आणि त्या कामासाठी त्यानं नूतन नावाची मुलगी ठेवली होती. ती दुर्गच्या रेल्वे कॉलनीतली, बाप नागपूरकडून बदली होऊन आलेला गार्ड. घरी मराठी बोलायची, बाहेर हिंदी, आणि पंजाबरावांशी दोन्हींची खिचडी.

एका दुपारी बेल्जियमहून आलेली एक लाकडी पेटी तिनं त्यांच्यापुढे उघडवली. आत पेंढ्यात गुंडाळलेली लोखंडी बाकाची एक बाजू होती, हात टेकायची. जुनी, गंजून पापुद्रे सुटलेली. बसलेल्या सिंहाचं अंग, पुढे बाईची छाती, खांद्यापासून मागे गेलेले पंख, डोक्यावर पट्ट्यापट्ट्यांचं कापड दोन्ही बाजूंनी छातीवर सोडलेलं. पायाखाली कमळं.

"हे कोणी केलं बापा?" पंजाबरावांनी कमळावरून बोट फिरवलं.

"स्फिंक्स हाय काका. इजिप्तची. मतलब, इजिप्तची नाई, फ्रान्सची," नूतन हसली. "दोनशे साल पहले नेपोलियन फौज घेऊन इजिप्तले गेला, तर संगं चित्रं काढणारे बी नेले. त्यांनी तिथली देवळं, मूर्त्या, सब कागदावर उतरवलं. ते छापून आलं अन् युरोपले जसं वेडच लागलं. खुर्चीच्या पायाले स्फिंक्स, घड्याळावर स्फिंक्स, दौतीवर स्फिंक्स. मेणबत्तीच्या दांडीले कमळ. मंग बागेतल्या बाकाईले बी."

"अन् हे पंख?"

"ते इजिप्तमधे नसते. तिथं तर जास्त करून राजाचंच तोंड, पुरुषाचं. पंख अन् बाईपण ग्रीकवाल्यांचं. यांनी दोन्ही मिसळवून टाकलं. ज्या कारागिरानं हे केलं त्यानं इजिप्त पाहिलं बी नसन."

पंजाबरावांनी तुकडा उजेडाकडे फिरवला, आणि तेव्हा त्यांना दिसलं की कापडाच्या घडीत, जिथे चेहरा हवा, तिथे काहीच नव्हतं. कधीतरी घाव बसून कपाळापासून हनुवटीपर्यंतचा भाग उडाला होता. नुसती खरबरीत, तांबडी जागा.

"याचं तोंड कुठं हाय?"

"तेच तर. फोटो बी नाई कोणाकडं. बायर म्हणते, नवीन करा. शांत पाहिजे, डोळे समोर पाहिजे. बस."

"पण कोणाचं करू?"

"कोणाचं बी करा ना काका. त्या फ्रान्सवाल्यानं बी आपल्या घरातल्याच कोणाचं तरी केलं असन. त्याले कुठं इजिप्तची बाई भेटली होती?"

ती सहज बोलून गेली. पंजाबराव मात्र त्या खरबरीत जागेकडे बराच वेळ पाहत राहिले. कोण असेल ती, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं.

सिंहाचं अंग, पंख, कमळं त्यांनी मापं घेऊन भराभर उतरवली. चेहऱ्यासाठी मात्र वेगळा, शिवणीच्या लाकडाचा तुकडा निवडला. शिवण मऊ, पटाशीला साथ देणारी. चेहरा सुटा करायचा आणि खुंट्यांनी जागेवर बसवायचा, असं ठरवलं. पहिल्या दिवशी नाक तेवढं उठलं. नंतर हात आपोआप चालायला लागले. डोक्यात दुसरंच काही असायचं, अंकुरचा फोन, गयाबाईचा गुडघा, आणि मध्येच खाली पाहिलं की ओठ झालेला असायचा. खालचा ओठ डावीकडे किंचित जाड आला. त्यांना वाटलं, पटाशी घसरली. दुरुस्त करायला गेले आणि का कोण जाणे, राहू दिला.

सेठला चेहरा पसंत पडला, बायरलाही. त्या लाकडावरून ॲल्युमिनियमचं पक्कं पॅटर्न तयार झालं आणि माल ओतायला सुरुवात झाली. साचे भरणारे छत्तीसगढी गडी त्या बाईला बघनिन दाई म्हणू लागले. वाघीण आई.

विश्वकर्मा पूजेला फाउंड्रीत सगळ्यांच्या घरची माणसं येत. त्या सकाळी मशीन धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून ठेवलेल्या होत्या. गड्यांनी पहिल्या नगांपैकी एक बघनिन दाई भट्टीजवळ उभी करून तिच्या कपाळाला कुंकू लावलं होतं, गळ्यात माळ घातली होती. गयाबाई बायकांसोबत बुंदीची पत्रावळ हातात घेऊन हिंडत होती. हिंडता हिंडता थांबली. पत्रावळ तिनं तिथेच जमिनीवर ठेवली आणि त्या लोखंडासमोर जाऊन उभी राहिली.

पंजाबराव लांबून पाहत होते. त्यांना वाटलं, पाया पडते आहे.

"रेणूचे बाबा," तिनं हाक मारली.

ते दचकले. रेणू गेल्यापासून ती त्यांना अंकुरचे बाबा म्हणत आली होती. ती जुनी हाक घरातून पार उठून गेली होती.

"हे तुमी कधी केलं?" तिनं मागे न वळता विचारलं. "अन् मले सांगतलं बी नाई?"

"काय केलं वो?"

"तिचा ओठ पाहा ना. डावीकडचा."

पंजाबरावांनी पाहिलं. कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडू, डोळे शांत. अशीच रेणू शेवटच्या दिवशी अंगणात, पांढऱ्या चादरीवर होती. त्यांनी मशीनला हात टेकला.

त्यांनी कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट होती. मुलीचा चेहरा त्यांना आठवेनासा झाला होता. आवाज आठवायचा, पाठीवरची वेणी आठवायची, पायऱ्या उतरतानाचे पाय आठवायचे. चेहऱ्याशी आलं की सगळं धुऊन निघायचं. घरात एकच फोटो होता, परीक्षेच्या फॉर्मसाठी काढलेला, आणि त्यात ती कोणीही मुलगी वाटायची. किती वर्षं ते देवासमोर डोळे मिटून तो चेहरा शोधत होते. आणि तो असा, हातांमधून, त्यांना न विचारता बाहेर येऊन पडला होता. लोखंडाचा होऊन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नूतनला विचारलं, "ते इजिप्तवाले एवढे तोंडं कावून घडवत होते?"

"स्फिंक्स तर राखणदार असते काका. पण मुखवटे, मूर्त्या मेलेल्यांसाठी. त्यांचं म्हणणं होतं, मेल्यावर जीव बाहेर फिरते अन् परत येते. परत आल्यावर आपलं तोंड ओळखू आलं पाहिजे, नाई तर जाईन कुठं? म्हणून तोंड करून ठेवत."

"अन् मंग फ्रान्सवाले?"

"त्याईले काय? डिझाइन आवडलं. उचललं."

हे त्यांनी गयाबाईला सांगायला नको होतं. पण संध्याकाळी जेवताना सांगून गेले. ती भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिली.

पुढचे दोन महिने हथखोजच्या त्या अंगणात जिकडे पाहावं तिकडे रेणू होती. रांगेनं उभी, आडवी, एकीवर एक रचलेली. भिंतीला पाठ लावून. पंजाबराव सकाळी फाटकातून आत शिरले की सगळ्या एकदम त्यांच्याकडे पाहायच्या, कारण डोळे समोर पाहिजे असंच तर सांगितलं होतं. आणि कोणतीही दोन तोंडं सारखी नव्हती. एखादीत लोखंड पोचायच्या आधीच थिजायचं आणि ओठ अर्धाच राहायचा, तशी ती तापात बोलता बोलता थांबली होती. एखादीच्या कपाळाला हवेचं भोक पडायचं. एखादीवर रेतीचे फोड उठायचे. परतीचा पाऊस पडून गेला की रंग न दिलेल्या नगांवर गंज चढायचा आणि पापण्यांखालून तांबडे ओघळ गालांवर उतरायचे. गड्यांना त्यात काही वाटत नसे. लोखंड आहे, गंजणारच.

बिघडलेला नग फोडून पुन्हा भट्टीत टाकत. घण गुड्डू नावाच्या गड्याकडे होता. पहिला घाव पडला तेव्हा पंजाबराव फाउंड्रीतल्या आपल्या खोलीत फळी रंधत होते. आवाज लोखंडाचाच होता, रोज ऐकलेला, पण त्यांच्या हातातून रंधा सुटला. तेव्हापासून गुड्डूनं घण उचललेला दिसला की ते काही कापायचं नसलं तरी करवतीचं मशीन चालू करून ठेवत.

गयाबाई रोज दुपारी यायला लागली. डबा हे निमित्त. डबा देऊन ती थेट बिघडलेल्या मालाच्या ढिगाजवळ जाऊन बसायची आणि पदरानं एकेकीचं तोंड पुसायची. चांगल्या नगांकडे ती फिरकायचीही नाही.

"त्या चालल्या परदेशी," ती म्हणायची. "याईचं कोण हाय?"

एकदा तिनं गुड्डूला हात जोडले. "बापू, तोंडावर नोको मारू. पाठीवर मार."

"ठीक हे दाई," गुड्डू ओशाळून म्हणाला. "मुंह ला नइ मारंव."

त्यानं शब्द पाळला. पंखांवर, सिंहाच्या पाठीवर घाव घालून तुकडे करायचा आणि तोंड अख्खं ठेवायचा. पण त्यानं आणखी वाईट झालं. पंजाबराव एकदा भट्टीच्या कडेला गेले असताना असं एक अख्खं तोंड आत पडलं. क्षणभर ते लाल उजेडात वर पाहत राहिलं. मग हनुवटीपासून मऊ होत गेलं. त्यानंतर ते भट्टीकडे गेले नाहीत.

"तुमच्या नूतननं सांगतलं ते खरं हाय," एके दिवशी गयाबाई ओट्यावर वाल सोलता सोलता म्हणाली. "तोंड दिसलं, ती आली. पण येऊन पाहते तर काय, इतके सारे तोंडं. कोण्यात जाऊ? भटकून राहिली बिचारी."

"असं काही नसते वो."

"मंग तुमी ते मशीन कावून चालू करता?"

पंजाबराव वालाची टरफलं गोळा करायला लागले. हिला गुड्डूनंच सांगितलं असणार.

त्याच आठवड्यात शेजारच्या तुळसाबाईनं कुंपणावरून हटकलं. ती कुरुदला नवीनच राहायला आलेली, बालाघाटकडची. रेणू नावाची मुलगी या घरात होती हेही तिला ठाऊक नव्हतं. "तुमच्याइथं कोणी पावनी आली का जी? दुपारी ओट्यावर पोरगी बसून होती. लांब वेणी. मी म्हटलं, गयाबाई घरी नाई, फाउंड्रीत गेल्या. तर नुसती पाहत राहिली."

"ऑटोची वाट पाहत बसली असन कोणी," पंजाबराव म्हणाले. सावली असते ओट्याला, लोक बसतात. पण घरात येऊन त्यांनी गयाबाईला काही सांगितलं नाही, आणि दुपारी तिनं घरीच थांबावं असं सुचवायचा धीरही त्यांना झाला नाही. घरी थांबली आणि कोणी आलंच, तर? आणि कोणीच आलं नाही, तर?

दिवाळीनंतर माल गेला. रंग देऊन, पेंढ्यात गुंडाळून, पेट्यांत बंद करून. पेटीचं झाकण ठोकताना पंजाबराव समोर उभे राहिले, का ते त्यांनाच सांगता आलं नसतं. कंटेनर फाटकाबाहेर पडला आणि अंगण रिकामं झालं. सेठनं खुशीत सगळ्यांना मिठाई वाटली. पंजाबरावांनी घरी येऊन सांगितलं, "गेल्या."

"बरं झालं," गयाबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. ऊन अजून ओट्यावर होतं.

जानेवारीत नूतननं पंजाबरावांच्या फोनवर एक फोटो पाठवला. बायर खूश होता, नवी ऑर्डर देणार होता. फोटोत कुठल्याशा गावातली बाग, काळी उघडी झाडं आणि चहूकडे बर्फ. मधोमध बाक, रिकामा. बाकाच्या दोन्ही बाजूंना रेणू. डोक्यावर बर्फाचा थर, पंखांवर बर्फ, पापण्यांवरही. पंजाबराव तो फोटो पुसून टाकणार एवढ्यात गयाबाईनं फोन हातातून घेतला. तिला फोटो मोठा करता यायचा, अंकुरनं शिकवलं होतं. तिनं चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला.

"उघड्यावर ठेवली," ती म्हणाली. "अंगावर काही नाई."

"लोखंड हाय गया ते."

"मले माईत हाय लोखंड हाय." ती पहिल्यांदाच रडली. इतक्या महिन्यांत ती रडली नव्हती. "तिले मोकळं करा. जिथून हे सुरू झालं ते पहिलं तोंड पाण्यात सोडा. मंग बाकीचे नुसतं लोखंड होतीन."

पंजाबरावांना ते पटलं की नाही हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. सेठकडे गेले. लाकडी पॅटर्नचं आता काही काम उरलं नव्हतं. "लकड़ी का मैं क्या करूँगा, ले जाओ," सेठ म्हणाला. पंजाबरावांनी खुंट्या ठोकून सैल केल्या आणि चेहरा धडावेगळा केला. हातात घेतला तर किती हलका. वर चढवलेल्या तांबड्या वार्निशखाली शिवणीच्या रेषा गालावरून कानाकडे गेलेल्या दिसत होत्या.

रविवारी सकाळी दोघं ऑटोनं दुर्गला, शिवनाथ नदीवर गेली. रेणूच्या अस्थी त्यांनी इथेच सोडल्या होत्या. थंडी होती, घाटावर थोडीच माणसं. गयाबाईनं लाकडाला हळद लावली, कुंकू लावलं, कपाळाला कपाळ टेकवलं. पंजाबराव गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी चेहरा सोडला.

तो बुडाला नाही. शिवणीचं लाकूड, वरून वार्निश, बुडणार कसं? इतकी वर्षं लाकडात घालवलेल्या माणसाला हे घरून निघताना सुचलं नव्हतं. चेहरा आभाळाकडे डोळे लावून तरंगत थोडा पुढे गेला, धारेत सापडला, वळला, आणि घाटाच्या कडेनं हळूहळू परत आला. पंजाबरावांनी तो पुन्हा पुढे ढकलला. पुन्हा आला. पाणी डोळ्यांवरून वाहून जायचं आणि डोळे तसेच उघडे. ते छातीभर पाण्यात शिरले, जोरानं लोटला. तो गोल फिरला आणि त्यांच्याच छातीला येऊन लागला.

शेजारी अंघोळ करणारा एक माणूस हे पाहत होता. देव शिळवायला, म्हणजे विसर्जन करायला, आलेत असं त्याला वाटलं असावं. त्यानं पाण्यातला एक धोंडा उचलून दाखवला. "पथरा बांध दे कका, तभे बूड़ही."

पंजाबरावांनी धोंड्याकडे पाहिलं. खांद्यावर दुपट्टा होता, बांधता आला असता. त्यांचा हात दुपट्ट्याकडे गेलाही.

"अवो!" घाटावरून गयाबाई ओरडली. "दगड बांधून पोरगी बुडवता का?"

दुखऱ्या गुडघ्यानं ती पायऱ्या उतरली, लुगड्यासकट पाण्यात आली आणि तिनं तो चेहरा दोन्ही हातांनी उचलून घेतला. पदरात गुंडाळला. पंजाबराव तिच्याकडे पाहत उभे होते, दात वाजत होते.

"चाला," ती म्हणाली. "हिले नाई जायचं."

ऑटोत ती चेहरा मांडीवर घेऊन बसली. ऑटोवाल्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि मग नजर रस्त्यावर ठेवली.

घरी आणल्यावर कुठे ठेवायचा हा प्रश्नच होता. देवघरात नको, पंजाबराव म्हणाले. भिंतीवर टांगायला गयाबाई तयार नव्हती. शेवटी मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर ठेवला. पहिले काही दिवस पंजाबराव त्या खोलीत जायचं टाळत होते. कपडे लागले तर गयाबाईला मागायचे. तुळसाबाईनं त्यानंतर पाहुणीची गोष्ट कधी काढली नाही. पंजाबरावांनीच एकदा, काहीच नाही असं दाखवत, तिला विचारलं. "नाई जी," ती म्हणाली, "आता नाई दिसत." ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण कामावरून परतताना कोपऱ्यावरून त्यांची नजर आधी ओट्याकडे जायची.

नव्या ऑर्डरीचं तोंड करायला त्यांनी नकार दिला. सेठनं फार आग्रह केला नाही. जुनं ॲल्युमिनियमचं पॅटर्न होतंच, त्याच्यावरच माल निघाला. अंगण पुन्हा भरलं. आता मात्र पंजाबराव त्या रांगांमधून चालत जात, आणि करवतीचं मशीन काम असेल तेव्हाच चालू होई.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं तशी नदीचं पाणी प्यायलेली शिवण सुकू लागली. एका सकाळी गयाबाई तो चेहरा घेऊन बाहेर आली. कपाळापासून निघालेली बारीक चीर नाकाच्या कडेनं ओठापर्यंत उतरली होती.

"फाटून राहिली," ती म्हणाली. "काई करा ना."

पंजाबरावांनी ओट्यावर चटई टाकली. सरस गरम केला, काडीनं चिरेत भरला. अशा वेळी दोन्हीकडून शिकंजा आवळून ठेवायचा असतो, शिकंजे त्यांच्या पेटीत होतेही. ते बाहेर काढून त्यांनी पुन्हा आत ठेवले. चेहरा मांडीवर घेतला आणि दोन्ही गालांवर तळवे दाबून बसले.

सरस धरायला वेळ लागतो. समोरून भाजीवाला गेला, शाळेची व्हॅन गेली. गयाबाई दारात बसून त्यांच्या हातांकडे पाहत होती. पंजाबरावांनी आधी नजर इकडे तिकडे फिरवली, मग खाली पाहिलं, आणि मग पाहतच राहिले. भुवयांमधली जागा. पापणी. डावीकडचा जाडसर ओठ. आता डोळे मिटले तरी ते दिसत होतं. मिटून पाहिले, दिसलं.

तळव्यांखाली लाकूड गरम लागत होतं. उन्हामुळे असेल, नाहीतर सरसामुळे. गयाबाईला त्यांनी ते सांगितलं नाही.

"झालं का?" तिनं विचारलं.

"थांब," ते म्हणाले. "अजून थोडा वेळ."